मराठी संतचरित्रांची इंग्रजी शब्दावली

मध्ययुगीन मराठी संतांविषयी इंग्रजीत लिहिताना ‘सेंट’, ‘लेजंड’ व ‘पिलग्रिमेज’ हे शब्द रूढ आहेत; मात्र मूळ मराठी शब्दांशी त्यांचा अर्थ पूर्णपणे जुळत नाही. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या गंगाखेडच्या संत जनाबाई यांच्या चरित्रावरून हा भेद स्पष्ट होतो.

संत आणि सेंट
या शब्दांत केवळ ध्वनिसाम्य आहे. ‘संत’ हा संस्कृत ‘सत्’पासून, तर ‘सेंट’ हा ‘पवित्र’ या अर्थाच्या लॅटिन ‘सांक्टस’पासून आला. रोमन कॅथलिक पंथात पोप हे पद विधिपूर्वक घोषित करतात; जनाबाईंचे संतत्व लोकमान्यतेने प्रस्थापित झाले.

आख्यायिका आणि लेजंड
लॅटिन ‘लेजेंडा’ म्हणजे वाचावयाचा मजकूर. ‘आख्यायिका’ म्हणजे सांगितलेली कथा. विठ्ठल जनाबाईंबरोबर दळू लागे, ही कथा कीर्तनांतून सांगितली जाते. आज ‘लेजंड’ला ‘पुराव्याविना चालत आलेली गोष्ट’ असाही अर्थ असल्याने भाषांतरात श्रद्धेविषयी शंका सूचित होते.

वारी आणि पिलग्रिमेज
‘पिलग्रिमेज’च्या मुळाशी ‘परका’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. वारीत मात्र ओळखीच्या पंढरीला नेमाने पुन्हापुन्हा जाणे अभिप्रेत आहे. अज्ञात प्रदेशाचा शोध, अर्थात ‘एक्सप्लोरेशन’, हा तिचा हेतू नाही.

भाषांतरे
महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) या ग्रंथाचे जस्टिन अ‍ॅबट व नरहर गोडबोले यांनी इंग्रजी भाषांतर केले. त्याच्या ‘स्टोरीज ऑफ इंडियन सेंट्स’ या शीर्षकात ‘सेंट’ आहे, ‘लेजंड’ नाही.