भूमीची अट आणि आश्चर्याची किंमत

संगणकावरच्या व्यूहरचनेच्या खेळांत ‘सिव्हिलायझेशन’ ही मालिका १९९१ पासून गाजते आहे. तिच्या २०१६ सालच्या सहाव्या आवृत्तीत एक नवा नियम आला. जगातले एखादे आश्चर्य उभारायचे, तर नकाशावरचे एक स्वतंत्र घर त्याला द्यावे लागते आणि त्या घराची जमीनही ठरावीक जातीची लागते. पिरॅमिडला वाळवंट, पेट्राला वाळवंट किंवा पूरमैदान, पुढे आलेल्या ताजमहालाला नदीकाठ, माचू पिच्चूला चक्क डोंगर. अट जुळली नाही, तर बांधकाम सुरूच होत नाही. आज अनेक मुलांची प्राचीन वास्तूंशी पहिली ओळख अशा खेळातून होते. म्हणून या नियमात इतिहास किती आहे, हे पाहणे अगत्याचे वाटते. त्यासाठी मराठवाड्यासारखी दुसरी जागा नाही.

दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. तो थरांवर थर असा साचला. आमच्या गोरेगावकडे विहीर खणणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. माती, मुरूम, पाषाण हा क्रम त्याच्या पहारीला ठाऊक असतो. जिथे असा जाड, एकसंध थर उभ्या कड्याच्या रूपात उघडा पडला, तिथे लेणी झाली. वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखा कडा कोरला, तिथे अजिंठा. डोंगराची लांबच लांब धार मिळाली, तिथे वेरूळ. जिथे थर कच्चा होता, तिथे पितळखोऱ्यासारखी लेणी बरीच ढासळली. इथवर खेळाचा नियम खरा आहे.

कैलास लेण्यात तर भूमीनेच बांधण्याची रीत उलटी केली. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कारागिरांनी डोंगराला वरून खाच घेतली आणि शिखरापासून पायथ्याकडे देऊळ मोकळे केले. पाया भरणे नाही, चिरा चढवणे नाही. पण चूक दुरुस्त करायलाही वाव नाही, कारण कापलेला दगड परत लावता येत नाही. नवव्या शतकाच्या आरंभीच्या बडोदा ताम्रपटात या देवळाचा उल्लेख आहे. हे आपल्या हातून झाले कसे, असा विस्मय खुद्द ते घडवणाऱ्यालाच वाटला, असे त्यात म्हटले आहे.

परंतु जमीन जुळली म्हणजे काम तडीस जाते, असे नाही. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे त्याच कड्यात आहे, त्याच खडकात आहे, आणि अर्धवट आहे. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या मृत्यूनंतर आश्रय सुटला आणि कामे थांबली, असे मत वॉल्टर स्पिंक यांनी मांडले. खडक तोच राहिला. धान्य, पैसा आणि स्थैर्य गेले.

उलट, जमीन जुळली नाही म्हणून माणूस थांबला, असेही नाही. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा खाम नदीच्या बाजूला आहे, म्हणजे खेळातली ताजमहालाची अट इथे पुरी होते. पण आसपास संगमरवर नाही. तो उत्तरेकडून आणावा लागला आणि पुरवून वापरावा लागला: भिंतींच्या खालच्या भागाला व घुमटाला संगमरवर, मधल्या भागात इथलाच काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. ‘ताजची नक्कल’ म्हणून या वास्तूला हिणवतात. मला ती भूमीशी केलेल्या तडजोडीची प्रामाणिक नोंद वाटते.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ हे तिसरे उत्तर. वेरूळसारखा कडा इथे नाही. मग दगड खाणीतून काढून, घडवून, एकावर एक रचला. यादवकालीन खालचा भाग काळ्या पाषाणाचा आणि शिल्पांनी भरलेला. वरचे पांढरे शिखर नंतरच्या काळातले. वेरूळला दगड वजा करून देऊळ झाले, औंढ्याला दगड मिळवून. पाषाणाची जात एकच. बदलला तो त्याचा उघडा पडण्याचा प्रकार.

म्हणून खेळाच्या नियमात एक दुरुस्ती सुचवाविशी वाटते. भूमी परवानगी देत नाही की नाकारतही नाही. ती किंमत सांगते. कुठे ती किंमत छिन्नीच्या घावांत मोजावी लागते, कुठे बैलगाड्यांच्या खेपांत, कुठे गिलाव्यात. ती मोजायला राज्य, पैसा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब लागते. नकाशावरच्या रंगीत घरात नेमके हेच दिसत नाही.

आणि त्या घरात मावत नाहीत ती लहान आश्चर्येही. गावोगावच्या पडक्या हेमाडपंती देवळांचे चिरे पारांना आणि भिंतींना लागले आहेत. ते कोणत्या खाणीतून आले, कोणत्या वाटेने आणले गेले, याची नोंद क्वचितच होते. वेरूळचा अभ्यास करायला जगभरातून माणसे येतात. गावच्या शिवारातली जुनी खाण ओळखणारी वडीलधारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत. त्यांना विचारायचे काम आपल्यालाच, आणि आताच, करावे लागेल.