परकोटाच्या आतला शेजार



आपल्या चांद्याचा इतिहास आपण शाळेत शिकतो तो राजांचा. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त चांद्याच्या राजाची नोंद केली, ती त्याच्या एक हजार घोडेस्वारांमुळे, चाळीस हजार पायदळामुळे आणि वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीमुळे. पुढे १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी शेवटचा गोंड राजा नीलकंठशहा याचे राज्य घेतले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून शहर जिंकले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली गेला. या सर्व नोंदी खऱ्या आहेत आणि विद्यार्थ्यांनी त्या पाठ केल्याच पाहिजेत. परंतु ज्या गल्लीत आपले आजोबा-पणजोबा जन्मले आणि वारले, त्या गल्लीत पलीकडच्या घरी कोण राहत होते, कोणाच्या विहिरीवर पाणी भरले जात होते, कोणाची बातमी कोण आणत होते, हे कोणत्याही गॅझेटिअरात सापडत नाही. प्रस्तुत लेखात त्या शेजाराविषयी चार गोष्टी लिहिण्याचा विचार आहे. काही पुस्तकांतून घेतल्या आहेत, काही घरात ऐकलेल्या आहेत. कोणती कोठली, हे त्या त्या ठिकाणी सांगेनच.

चांदा हे तटाच्या आतले गाव. खांडक्या बल्लाळशहाने परकोटाचा पाया घातला आणि पुढच्या राजांच्या हातून तो पूर्ण झाला, अशी परंपरागत माहिती आहे. कुत्र्याच्या पाठीस लागलेल्या सशाची कथा सर्वांना ठाऊक असल्याने ती येथे पुन्हा सांगत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी ग्रंथांत या तटाचा घेर साडेपाच मैलांचा दिला आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे. त्याखेरीज पाच खिडक्या: चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड. दरवाजा राजाच्या स्वारीसाठी, खिडकी रयतेसाठी. नदीवर धुणे धुवायला जाणारी बाई, गुरे हाकणारा गुराखी, सरपण आणणारा, प्रेत नेणारे लोक, हे खिडकीने जात. मसाण खिडकीचे नावच सारे सांगते. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरला आहे. तो आपण मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. खिडकीवर मिरवण्याजोगे काही नाही, पण रोजचा चांदा तिच्यातूनच ये-जा करीत असे.

१९०१ च्या शिरगणतीत या गावाची लोकसंख्या १७,८०३ होती. तटाचा घेर एवढा मोठा आणि माणसे एवढी थोडी, म्हणजे आत शेते होती, आमराया होत्या, रामाळा आणि कोहिनूर यांसारखे तलाव होते, आणि मधूनमधून वस्तीचे पुंजके होते. सुती व रेशमी कापड, पितळेची भांडी आणि चामड्याच्या चपला ही येथील मालाची ख्याती. याचा अर्थ असा की कोष्टी, कासार, चांभार, महार विणकर, आपले पिंजारी व मनियार ही सगळी मंडळी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होती आणि एकाचा धंदा दुसऱ्याच्या धंद्यावर उभा होता. सूत एकाकडचे, माग दुसऱ्याकडचा, गिऱ्हाईक तिसऱ्या मोहल्ल्यातले.

आता बातमीकडे वळतो. छापील पत्रे फार थोड्या घरी येत आणि वाचता येणारी माणसे त्याहून थोडी. सरकारी हुकूम दवंडीने कळे. पण कोणाची मुलगी कोठे दिली, कोणाकडे पाळणा हलला, कोणाच्या सासूने सुनेला माहेरी धाडले, हे दवंडीवाला सांगत नसे. ते काम मनियारणीचे. बांगड्या भरायला ती ब्राह्मणाच्या वाड्यात मागील दारापर्यंत जाई, कोष्ट्याच्या ओसरीवर बसे, आपल्या मोहल्ल्यात पडद्याच्या आत येई. गावातला असा एकही उंबरा नव्हता की जेथे तिला मज्जाव होता. बाईचा हात हातात घेऊन बसायचे म्हणजे दोन शब्द बोलणे आलेच! आमच्या दादी म्हणत की, मनियारीण आली नाही तो आठवडा आंधळा गेला. हिवाळ्याच्या तोंडी पिंजाऱ्याच्या धुनकीची तार ऐकू आली की गाद्या-रजया अंगणात पडत आणि त्याच्यासोबत दुसऱ्या टोकाच्या वस्तीची खबर येई. भिस्ती पखाल घेऊन फिरे. त्याला कोणाच्या घरी पाहुणे उतरले आहेत हे पाण्याच्या मापावरून कळे.

ताटाची देवघेव हा या शेजाराचा दुसरा धागा. ईदच्या दिवशी शीरखुर्मा शिजला की पहिली वाटी शेजारी. पण ज्या घरी आपल्या हातचे शिजवलेले चालत नसे, तेथे शेवया, साखर, खारीक व चारोळी असा कोरडा शिधा ताटात मांडून रुमालाने झाकून जाई. दादींनी त्यात कधी अपमान मानला नाही. त्यांचे म्हणणे असे की, त्या घरची काकी शिधा घेऊन स्वतः शिजवते आणि लेकरांना खाऊ घालते, मग चूल कोणाची हा प्रश्न लहानच. दिवाळीत तेच ताट अनारसे-करंज्यांनी भरून परत येई. ताट रिकामे परत करायचे नाही, हा कायदा कोणी लिहिला नव्हता, तरी तो मोडल्याचे मी पाहिले नाही.

यावरून कोणी असे समजू नये की सगळीच गोडीगुलाबी होती. नालीच्या पाण्यावरून भांडणे होत. आमच्या बकरीने एका शेजाऱ्याचे वांग्याचे वाफे फस्त केले, तेव्हा दोन्ही घरे सहा महिने बोलत नव्हती. आणि त्याहून मोठी एक गोष्ट, जी या स्मरणिकेत सांगितली पाहिजे. माझ्या फुफी तिसरीपर्यंत शिकल्या. हुशार होत्या, पाढे बिनचूक म्हणत. पुढे मोहल्ल्यात कुजबूज सुरू झाली की पोरगी मोठी झाली तरी पाटी घेऊन रस्त्याने जाते. जी बातमी बारशाची मिठाई वाटते, तीच बातमी मुलीची पाटीही फोडते. आमच्या घरच्यांनी मान खाली घातली आणि फुफींचे नाव शाळेतून काढले. वीस-पंचवीस वर्षांनी माझ्या मोठ्या बहिणीवर तीच वेळ आली, तेव्हा समोरच्या मास्तरांच्या मुलीने रोज सकाळी आमच्या दारात येऊन हाक मारायला सुरुवात केली. दोघी बरोबर जात, बरोबर येत. कुजबूज झाली नाही असे नाही, पण दोघींविषयी एकदम कुजबुजणे लोकांना अवघड गेले असावे! आपा मॅट्रिक झाल्या. निकालाच्या दिवशी पहिला पेढा मास्तरांच्या घरचा आला, आपल्या घरी तर कोणी मागवायचेही विसरले होते. फुफी त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

दादींच्या आठवणींत १९१८ साल सर्वांत ठळक होते. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने मध्यप्रांतात माणसे अक्षरशः पटापट गेली. दादी तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या. त्यांचे दोन भाऊ एकाच आठवड्यात गेले. मोहल्ल्यातले पुरुष स्वतःच अंथरुणाला खिळलेले, कबर खोदायला माणसे मिळेनात. तेव्हा गल्लीतल्या कोष्ट्यांच्या पोरांनी फावडी घेतली आणि जनाज्याला खांदाही दिला. पुढे थोड्याच दिवसांत त्यांच्याच घरात मृत्यू झाला, त्या वेळी दादींच्या वडिलांनी लाकडाची गाडी जुंपून मसाण खिडकीबाहेर नेऊन दिली. कोणी कोणाला विचारले नाही, कोणी आभार मानले नाहीत. पुढे नालीवरून भांडण झाले ते याच दोन घरांचे, हे मुद्दाम सांगतो.

चांद्याच्या शेजाराची एक खूण मात्र सर्व गावाला ठाऊक आहे. गोंड राजांचा जुना किल्ला इंग्रजांनी तुरुंग केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी वीर बाबूराव शेडमाके यांना याच तुरुंगाच्या आवारात फाशी देण्यात आले. तेथील पिंपळाला आदिवासी बांधव आजही नमन करतात. त्याच आवारात हजरत गैबीशहा वली यांची दर्गा आहे. वर्षभर ज्या दाराकडे माणूस नजर वळवीत नाही, ते तुरुंगाचे दार मोहरमच्या दिवसांत सर्वांसाठी उघडते. रांगेत बुरखे असतात, नऊवारी असतात, गणवेशातली पोरे असतात. लहानपणी दादींचे बोट धरून मी आत गेलो, तेव्हा भिंतींकडे पाहून भ्यालो होतो. दादींनी आधी दर्ग्यावर फातिहा पढली, मग मला पिंपळाकडे नेले आणि म्हणाल्या, "इथे एका शूर माणसाला टांगले, त्यालाही सलाम कर." अक्षरओळख नसलेल्या त्या बाईने मला जो इतिहास शिकवला, तो मला पुढे वर्गात क्वचितच भेटला. एकाच आवारात एका वलीची कबर आणि एका गोंड वीराचा वधवृक्ष, आणि दोहोंना भेटायला येणारी माणसे बव्हंशी तीच. असो.

परकोटाबाहेरच्या जंगलातला शेजार निराळा होता. आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. तोवर सिरोंचापर्यंतचा मुलूख चांद्यातच होता. सिरोंचा हे प्रथम अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते आणि तो जिल्हा मोडल्यावर १८७४ मध्ये ते चांद्याला जोडले गेले. नदीपलीकडे निजामाचे राज्य. त्यामुळे तेथील घरांत तेलुगू, उर्दू, मराठी आणि गोंडी अशा चार भाषा एकाच अंगणात ऐकू येत. आतल्या गावांत आपली घरे एक किंवा दोन. किराणा, नाहीतर बाजाराची फिरती दुकानदारी. एकट्या घराला शेजारी निवडता येत नाही. गोंड-माडिया वस्तीत राहणाऱ्या अशा घराची बातमी आठवडी बाजाराला बैलगाडीने निघे आणि चांद्याला पोचेपर्यंत शिळी होई. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फडावर सत्तर-सत्तर पानांची पुडकी मोजून घेणारा मुन्शी आणि पुडकी बांधून आणणारे कुटुंब यांचे नाते मात्र शेजाराचे नव्हते, हिशोबाचे होते. त्या हिशोबात नेहमी न्याय झाला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, आणि मुन्श्यांत आपलेही लोक होते.

१९२९ मध्ये बल्लारशाह-काझीपेठ लोहमार्ग पुरा झाला आणि दिल्ली-मद्रासची वाहतूक आपल्या दारावरून सुरू झाली. पुढे कोळशाच्या खाणी, बल्लारपूरची कागद गिरणी, भद्रावतीचा आयुध कारखाना, १९८० नंतरच्या दशकात औष्णिक वीज केंद्र. माणसे आली, तटाबाहेर नगरे वसली. चांद्याचे चंद्रपूर झाले (१९६४ च्या सुमारास) आणि २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख २० हजारांवर गेली. आतली जागा पुरेना म्हणून आपलीही पुष्कळ कुटुंबे बाहेर पडली. इरईच्या बाजूला रहमतनगर वाढले. वर्धा नदी फुगली की इरईचे पाणी मागे सरकते आणि सखल भागात शिरते. ज्यांनी तट बांधला त्यांना नदीचा हा स्वभाव ठाऊक असावा. आपण मात्र स्वस्त जागा पाहिली. २०१३ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२२ मध्ये रहमतनगर आणि बिनबा दरवाजाच्या परिसरात पाणी शिरले, लोकांना घरे सोडावी लागली. पुराच्या त्या रात्री मी माझ्या भाचीला फोन लावला, तर ती म्हणाली, "मामू, पाणी पायरीशी आलं हे आम्हाला मागच्या घरच्या ताईंनी दार ठोठावून सांगितलं, मोबाईलवर तर काहीच आलं नव्हतं." सामान गच्चीवर नेताना त्या दोन घरांनी एकमेकांची पेटी-पलंग उचलले. तोवर त्या ताईंचे नाव भाचीला माहीत नव्हते. पाच वर्षांचा शेजार होता.

परकोटावर झाडोरा माजला होता, तो मार्च २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी रोज पहाटे जाऊन काढला. शेकडो दिवस हे काम चालले आणि त्याची वाखाणणी देशभर झाली. आता तटावरून फेरी मारता येते. विद्यार्थ्यांनी ती अवश्य मारावी. पण दरवाजांपाशी न थांबता बगड खिडकी, विठोबा खिडकी यांच्याजवळच्या घरांतील वडीलधाऱ्यांना गाठावे. आमच्या दादी गेल्या, मनियारणीचे नाव मी कधी विचारून ठेवले नाही, आणि कबर खोदणाऱ्या त्या पोरांपैकी एकाचेही नाव आमच्या घरात आता कोणाला आठवत नाही. ज्यांच्या घरी जुन्या लग्नपत्रिका, उधारीच्या वह्या, घराची खरेदीखते किंवा शेजाऱ्यांबरोबर काढलेली छायाचित्रे असतील, त्यांनी मागील बाजूस माणसांची नावे पेन्सिलीने लिहावीत. शाई फुटते आणि पुढली बाजू खराब होते.