सोवळे सुटण्याचा काळ

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या बाप्तिस्म्याची तारीख आपल्याला ठाऊक आहे : १० फेब्रुवारी १८९५, मुंबई. लक्ष्मीबाईंचे सोवळे नेमके कोणत्या दिवशी सुटले, हे मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही. आमच्या मते ‘स्मृतिचित्रे’चा खरा विषय ही न सापडणारी तारीख आहे.

प्रॉटेस्टंट धर्मविचारात पापक्षमा आणि पवित्रीकरण यांत भेद केला जातो. पहिली एका क्षणी मिळते, दुसरे आयुष्यभर चालते. टिळकांच्या घरात हा भेद स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचला होता. धर्मांतरानंतर काही वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या त्या आपल्या सोवळ्यासकट. नवरा ख्रिस्ती, चूल वेगळी. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद माणसांनीच निर्माण केले आहेत हे मनाला पटत गेले, तसा एकेक निर्बंध गळून पडला. बाप्तिस्मा त्यानंतर.

आणि टिळक? ते संतपदाला पोचले होते असे लक्ष्मीबाई कुठेही भासवत नाहीत. त्यांचा शीघ्रकोप, विसराळूपणा, घरात उद्याची सोय नसताना हातातले वाटून टाकण्याची वृत्ती, न सांगता निघून जाणे हे सारे बाप्तिस्म्याआधी होते आणि नंतरही बरेचसे राहिले. आपण वर्गात हे भाग विनोदाचे उत्तम नमुने म्हणून शिकवतो. ते तसे आहेतही. पण विनोदापाशी थांबले की एका श्रद्धावान माणसाची चाललेली झटापट नजरेआड होते, आणि पुस्तक नुसत्या संसारकथेवर येते. हा अन्याय आपण, मराठीचे अध्यापक, बराच काळ करत आलो आहोत.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्यांच्या ‘अभंगांजली’कडे पाहताना हा पूल केवळ छंदापुरता समजू नये. स्वतःचे उणेपण देवापुढे उघडे करण्याची रीत त्यांना वारकरी परंपरेतूनच मिळाली. जनाबाईचे गंगाखेड आमच्याच परभणी जिल्ह्यातले. ही दासी दळता-कांडता विठ्ठलाशी बोलते, रागावली तर त्याला शिव्याही देते. म्हणून तिची भक्ती कोणी कमी धरली नाही. अपुऱ्या भक्ताला जागा देणारी ही भाषा हाताशी नसती, तर टिळकांचा ख्रिस्त मराठीत बहुधा मिशनच्या भाषांतरित गद्यातच राहिला असता.

टिळकांचा प्रवास बाप्तिस्म्यापाशी थांबला नाही याचा मोठा पुरावा अखेरच्या पर्वात मिळतो. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना तिथे स्थान असणार होते. बावीस वर्षांपूर्वी ज्या विधीसाठी त्यांनी घरदार पणाला लावले, तो विधी आता त्यांनी प्रवेशाची अट ठेवला नाही. मंडळींना हे रुचणे कठीणच होते. ९ मे १९१९ रोजी ते वारले आणि दरबार मागे पडला.

अपुरे राहिले ते ‘ख्रिस्तायन’ही. त्याचे मोजके अध्याय टिळकांच्या हातचे. उरलेल्यांपैकी बहुतेक लक्ष्मीबाईंनी रचले. एकेकाळी नवऱ्यापासून वेगळी चूल मांडणाऱ्या, शाळेचे शिक्षण नसलेल्या या बाई त्याच्याच ख्रिस्ताचे चरित्र उतारवयात ओव्यांत बांधत होत्या.