चावडीवरील हजेरी

माधवनगरच्या पेठेतील एखादा वृद्ध खातेदार आज आपल्याच पैशांचा हिशेब घरबसल्या पाहू लागला, तर त्यास प्रथम परवलीचा शब्द द्यावा लागतो. मागून मोबाईलवर ओटीपी येतो, आणि तो येण्यास विलंब झाला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. ‘मी तोच आहे’ हे सांगता सांगता मनुष्य मेटाकुटीस येतो. यातील यंत्र नवे खरे. परंतु ही मागणी या मुलखाला मुळीच नवी नाही. सांगली जिल्हा १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला. तत्पूर्वीच्या जुन्या सातारा जिल्ह्यात तिला ‘हजेरी’ म्हणत.

गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली प्रथम उत्तर हिंदुस्थानात आला, आणि १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. अमुक जमातीत जन्म झाला, एवढाच पुरावा त्यास पुरे होता. नोंदलेल्या माणसाने ठराविक वेळी हजर व्हावे, मुक्काम बदलल्यास कळवावे, आणि मागतील तेव्हा बोटांचे ठसे द्यावेत, अशी त्यात तरतूद होती. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ या १९५९च्या कादंबरीत या हजेरीचा जाच आला आहे. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात मात्र शाहू छत्रपतींनी १९१८ सालीच हजेरी बंद केली, आणि ज्या फासेपारध्यांवर जग पाळत ठेवी, त्यांनाच आपल्या पहाऱ्यावर नेमले. ब्रिटिश मुलखाला तेवढे धैर्य झाले नाही. तेथील मुंबई प्रांतात हा कायदा १९४९पर्यंत, तर देशात इतरत्र १९५२पर्यंत टिकला.

ठशांची कथाही याच अविश्वासातून निघालेली. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने खडीच्या एका कंत्राटावर राज्यधर कोनाई याच्या पंजाचा ठसा घेतला. हेतू एवढाच, की पुढे त्याने सही नाकबूल करू नये. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे दफ्तर उघडले. त्या वर्गीकरणास हेन्रीसाहेबांचे नाव मिळाले. त्यासाठी खपलेले अझीझुल हक व हेमचंद्र बोस बराच काळ मागेच राहिले.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटे आणि दोन बुबुळे यांवर ही ओळख उभी आहे. जी नोंद पूर्वी संशयितांची होत असे, ती आता सर्वांची झाली. चावडीवरचा पाटील निदान चेहरा ओळखी. ऊस तोडून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यास यंत्र ओळखीलच, असे नाही.

निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या अर्जावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाचांपैकी चौघांनी आधार कायदा बहुतांशी राखला, पण बँक खाते व मोबाईल यांच्या जोडणीची सक्ती रद्द केली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी एकट्याने संपूर्ण कायदाच घटनाबाह्य मानला. २०१९च्या दुरुस्तीने बँकांना ही तपासणी पुन्हा करता येऊ लागली, मात्र खातेदाराच्या संमतीने. आणि आधार देण्यास त्याने नकार दिल्यास सेवा नाकारू नये, असेही तीत लिहिले आहे.