जाळ्याची भाषा शिकलेली मुले

ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास ताटकळत बसणे म्हणजे काय, हे आपल्यातील वडीलधाऱ्या श्रोत्यांना सांगावयास नको. एक्स्चेंजमधल्या बाईंचा आवाज हाच त्या काळी परगावचा दरवाजा होता. ग्राहकाने स्वतः नंबर फिरवून परगावी बोलावे, ही सोय आपल्या देशात १९६० साली कानपूर-लखनौ यांच्या दरम्यान प्रथम झाली. अमेरिकेत असा पहिला फोन न्यू जर्सीतील एंगलवूडहून कॅलिफोर्नियातील अलामेडा येथे १० नोव्हेंबर १९५१ रोजी लागला. मधल्या सर्व एक्स्चेंजांतील बाईंचे काम त्या दिवशी यंत्रांनी केले. ही यंत्रे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत होती आणि ती भाषा न बोलावता कोण शिकले, याचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

भाषा सुरांची होती. दोन शहरांमधील तार रिकामी असली की तिच्यावर सेकंदाला २६०० कंपनांचा एक उंच सूर वाजत राही. सूर थांबला म्हणजे तार कोणी घेतली. पुन्हा आला म्हणजे फोन ठेवला. नंबर सांगावयाचा तोही सुरांनीच. ७०० पासून १७०० पर्यंत दोनदोनशेच्या अंतराने सहा सूर घेतलेले, त्यांतील कोणतेही दोन एकदम वाजविले की एक आकडा होई. ७०० आणि ९०० मिळून १, ७०० आणि ११०० मिळून २, असा तो हिशेब. आकड्यांच्या आधी ‘आता सांगतो’ आणि शेवटी ‘संपले’ अशा अर्थाच्या आणखी दोन जोड्या होत्या. लांबच्या पल्ल्याच्या ऑपरेटर बाई आपल्या टेबलावरील कळा दाबून हेच सूर पाठवीत असत.

आता यातील मर्म पाहा. आज्ञेसाठी वेगळी तार घालणे खर्चाचे, म्हणून बेल कंपनीच्या अभियंत्यांनी माणसाचे बोलणे आणि यंत्राची आज्ञा एकाच तारेवरून नेली. आज्ञा देणारे हात कंपनीच्या पगारावरचे, तेव्हा आज्ञा खरी की खोटी हे तपासण्याचे कारणच कोणास वाटले नाही. इतकेच नव्हे, तर कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात १९५४ साली २६०० च्या सुराची आणि १९६० साली सगळ्या जोड्यांची माहिती तपशीलवार छापून आली. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ते अंक कोणीही उघडावेत. याला कोणी हलगर्जीपणा म्हणतील, मी म्हणणार नाही. आपण बांधलेल्या वस्तूचा कारागिराला अभिमान असतो, आणि तो ती दाखवितो.

परंतु पहिला शोध ग्रंथालयात लागला नाही. जो एंग्रेसिया हा जन्मांध मुलगा. सुराचा कान मात्र असा की ऐकलेला सूर जसाच्या तसा ओठांनी काढावा. फोन हेच त्याचे खेळणे होते. १९५७ च्या सुमारास, सातआठ वर्षांचा असताना, फोनवर मुद्रित सूचना ऐकत तो शीळ घालीत होता, तोच तार बंद पडली. पुन्हा शीळ घातली, पुन्हा बंद. पुढे त्याच्या ध्यानी आले की हा सूर ऐकला की दूरच्या एक्स्चेंजला फोन ठेवल्यासारखे वाटते. सूर थांबला की नवे गिऱ्हाईक आले असे समजून ते पुढच्या आज्ञेची वाट पाहते. इकडे बिल करणारे यंत्र पहिलाच फोन चालू आहे असे धरून चाले, आणि तो फोन फुकटच्या नंबराला असला तर बिल कसले?

१९६८ साली फ्लॉरिडातील विद्यापीठात मित्रांना शीळ घालून फोन जोडून देताना तो सापडला आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. ती बातमी वृत्तपत्रांत आली आणि देशभरातून त्याच्यासारख्यांचे फोन येऊ लागले. त्यांत आंधळी मुले पुष्कळ होती. स्वतःस ती ‘फोन फ्रीक’ म्हणवीत. एका शहरातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात जाऊन प्रत्येक एक्स्चेंजची खटखट आणि घरघर ऐकायची व आवाजावरून यंत्राची जात ओळखायची, हा त्यांचा प्रवास. ज्यांना एकट्याने रस्ता ओलांडणे कठीण, त्यांच्यापुढे सारा देश उघडा पडला होता. बोलण्यासारखे कोणी पलीकडे नसले तरी त्यांचे काही अडत नसे.

ऑक्टोबर १९७१ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात रॉन रोझेनबॉम यांचा प्रसिद्ध लेख आला आणि हे गुपित चव्हाट्यावर आले. तो वाचून वॉझ्निअ‍ॅक व जॉब्स या दोन तरुणांनी सूर काढणाऱ्या ‘निळ्या पेट्या’ बनवून विकल्या, ही कथा सर्वांना ठाऊक आहे; पुढे त्यांनी अ‍ॅपल कंपनी काढली म्हणून ती सांगितली जाते. शीळ घालणारा मुलगा मात्र तीत क्वचितच येतो. त्याच वर्षी त्याला मेम्फिस येथे अटक झाली होती.

ही चोरी होती काय? कायद्याने होती, आणि निळी पेटी घेऊन धंद्याचे फोन फुकट करणारे जुगारवालेही होतेच. त्यांची वकिली मी करीत नाही. पण दुसऱ्या पक्षाचाही हिशेब झाला पाहिजे. फसवणूक शोधण्यासाठी कंपनीने १९६४ ते १९७० या काळात काही शहरांत यंत्रे बसवून तीन कोटींहून अधिक फोन गुपचूप तपासले आणि त्यांपैकी लाखोंचा काही भाग ध्वनिमुद्रित केला. १९७५ साली वृत्तपत्रातून हे बाहेर आले तेव्हा लोकांना कळले की, तार आपली नव्हतीच. मुलांनी यंत्राचे बोलणे ऐकले, कंपनीने माणसांचे. यांतला मोठा अपराध कोणता याविषयी माझे मत आपण ओळखले असेलच.

१९७६ पासून कंपनीने आज्ञांसाठी निराळी वाट घालण्यास आरंभ केला. तारेवर शीळ घालून काही होईनासे झाले. एंग्रेसियाने १९९१ मध्ये कायदेशीररीत्या ‘जॉयबबल्स’ असे नाव घेतले. तो मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस येथे राहत असे. त्याच राज्यातील वावीना या खेड्यात सुरांवर चालणारी जुनी तार उरली होती. तिला फोन लावून ते सूर ऐकणारे शौकीन अखेरपर्यंत होते. जून २००६ मध्ये ती बदलण्यात आली. ऑगस्ट २००७ मध्ये जॉयबबल्स वारला.