कॉर्बेटची हलकी रायफल

पिथौरागढच्या पोस्टिंगमधली गोष्ट आहे. ऑक्टोबर संपत आला होता आणि डोंगरात गवतकापणी जोरात चालू होती. आमच्या कॅम्पच्या खालच्या अंगाला असलेल्या गावातली एक बाई गवताचा भारा बांधत असताना बिबट्याने तिला उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावकरी गेटवर हजर. सगळ्यांच्या पुढे एक निवृत्त सुभेदार, कोटावर मेडल लावलेले.

"साब, आपके पास तो पूरी पलटन है. एक राइफल और एक अच्छा निशानेबाज दे दो. कहाँ बैठता है, हम दिखा देंगे."

मला नाही म्हणावं लागलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे माणसाच्या जिवावर उठलेल्या बिबट्यालाही मारायचं असेल, तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो. फौजेने परस्पर जाऊन चाप ओढायचा नसतो. सुभेदारसाहेबांना हे ठाऊक होतं. चहा घेताना त्यांनी हळूच विचारलं, "कानून छोड़ो साब. इजाजत मिल जाती, तो कौन सी राइफल देते?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "इन्सास."

त्यांनी मान हलवली. "वो आदमी के लिए है साब. जानवर के लिए नहीं."

पंचवीस वर्षांची वर्दी अंगावर असताना एका पेन्शनरने मला शस्त्राच्या बाबतीत निरुत्तर केलं होतं. त्याच आठवड्यात वनखात्याचा पिंजरा लागला आणि पुढे बिबट्या त्यात सापडला. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर, चंपावतला, शंभरेक वर्षांपूर्वीच लिहिलं गेलं होतं.

१९०७ साली जिम कॉर्बेट चंपावतच्या वाघिणीमागे आले, तेव्हा तिच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ बळी होते. त्यांच्या हातात .५०० ची एक्सप्रेस रायफल होती. ही जात मूळ काळ्या दारूच्या जमान्यातली. नळी रुंद, गोळी जाड, जवळून मार जबरदस्त. त्या दिवशी त्यांनी बरोबर काडतुसं घेतली तीन: दोन वापरायला आणि एक अडचणीसाठी. हाका झाला, वाघीण निघाली आणि तिन्ही संपली. पहिली गोळी चुकली, पुढच्या दोन लागल्या, पण वाघीण उभीच. रिकामी रायफल टाकून कॉर्बेट टेकडीवर तहसीलदाराकडे धावले, त्याची बंदूक उसनी घेतली आणि पुन्हा खाली आले. नेम धरला वाघिणीच्या उघड्या जबड्यावर, मार लागला तिच्या पंजाला. ती कोसळली ती आधीच्या जखमांनी.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटना एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, .२७५ कॅलिबरची, माउजर पद्धतीची बोल्ट अ‍ॅक्शन. दस्त्यावर चंपावतचा उल्लेख असलेली चांदीची पट्टी. ही रायफल त्यांनी पुढची कित्येक वर्षं वापरली. आज ती पुन्हा रिग्बी कंपनीकडेच आहे आणि २०१६ साली ती काही दिवसांसाठी भारतातही आणली होती.

आता .२७५ म्हणजे नेमकं काय? हे इंग्रजी नाव घेतलेलं जर्मन काडतूस आहे. माउजरचं ७×५७ मिलिमीटर. बोअर युद्धात याच काडतुसाच्या रायफलींनी शेतकरी पेशाच्या बोअर नेमबाजांनी ब्रिटिश फौजेला लांबूनच जमिनीवर झोपवलं होतं. युद्ध संपून पाच वर्षं होतात न होतात, तोच रिग्बीने १४० ग्रेनची, म्हणजे साधारण ९ ग्रॅमची टोकदार गोळी बसवून तेच काडतूस आपल्या नावाने विकायला काढलं.

ज्यांनी आपली जुनी एसएलआर चालवली आहे, त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. एसएलआरची ७.६२ ची गोळी १४४ ग्रेनच्या आसपास आणि वेगही जवळपास तितकाच. म्हणजे कॉर्बेटची 'हलकी' रायफल मारात एसएलआरच्या जवळ जाणारी होती. हलकी म्हणायची ती त्यांच्याच दुसऱ्या रायफलीच्या तुलनेत. जेफ्री कंपनीच्या त्यांच्या .४५०/४०० दुनळीची गोळी ४०० ग्रेनची, म्हणजे जवळपास तिप्पट जड.

मग वाघामागे जाताना जड दुनळी बरी की हलकी माउजर? ११ एप्रिल १९३० ला चौगढच्या वाघिणीने या प्रश्नाचा निकाल लावला. ६४ माणसं मारलेली वाघीण. कॉर्बेट एका ओढ्यातून उतरत होते. वाटेत रातव्याची दोन अंडी दिसली, पक्ष्यांच्या अंड्यांचा त्यांना नाद होता, म्हणून ती डाव्या हातात घेतली. उजव्या हातात .२७५, छातीवर तिरकी धरलेली. एका मोठ्या खडकाला वळसा घालून त्यांनी मागे पाहिलं, तर आठेक फुटांवर वाघीण झेपेच्या पवित्र्यात. रायफलीचं तोंड नेमकं उलट्या दिशेला. पाऊण वर्तुळ फिरवायचं, तेही एका हाताने, आणि इतक्या सावकाश की तिला हालचाल जाणवू नये. हात पुरता लांबवून त्यांनी चाप ओढला. वाघीण जागीच संपली. अंडी शाबूत राहिली.

नंतर त्यांनी स्वतःच आपल्या नशिबाची तीन कारणं लिहून ठेवली. हातातली अंडी, कारण ती नसती तर दोन्ही हातांनी झटक्यात वळण्याचा मोह झाला असता. दुसरं, रायफल हलकी होती. आणि तिसरं, वाघीण नरभक्षक होती. दुसऱ्या कारणावर मी पुन्हा पुन्हा थांबतो. दुनळी हातात असती तर ती एका हाताने तशी फिरवून झाडणं जमलंच नसतं. कागदावर दुप्पट मार, पण वेळेवर नेम येणार नसेल तर त्या माराचा उपयोग काय?

म्हणून कॉर्बेटनी दुनळी विकून टाकली असं नाही. घायाळ वाघाच्या मागावर झाडीत शिरायचं असेल तिथे जड गोळीच हवी. आणि १९१० साली पनारच्या बिबट्याला त्यांनी मारलं ते रायफलीने नव्हे, बंदुकीने. काळोखी रात्र, जवळचं अंतर, नेम दिसण्याची मारामार. तिथे रायफलीचा अचूकपणा काय कामाचा? पण रोज पंधरा-वीस मैल डोंगर तुडवायचा, कधी दोनशे यार्डांवर घोरल मारायचं, कधी दहा फुटांवर वाघ, या सगळ्याला मिळून एकच रायफल न्यायची असेल तर त्यांचा हात .२७५ कडे जाई. सर्वांना पुरणारं कॅलिबर ते हेच. कशातच सर्वांत मोठं नाही, पण दिवस संपतानाही हाताला जड होत नाही.

आता सुभेदारसाहेबांचं म्हणणं. इन्सासची ५.५६ ची गोळी ४ ग्रॅमची. पण अडचण फक्त वजनाची नाही, गोळीच्या जातीची आहे. फौजी गोळीला तांब्यासारख्या धातूचं पूर्ण कवच असतं. शिकारी गोळीचं टोक मऊ असतं, ते आत गेल्यावर पसरतं आणि जनावर तिथेच बसतं. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात अशीच पसरणारी .३०३ ची गोळी फौजेसाठी बनवली गेली आणि १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात ती वापरायला बंदी आली. माणसाच्या बाबतीत ही माणुसकीच. बिबट्याच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा. कवचाची गोळी आरपार जाते आणि घायाळ जनावर झाडीत निसटतं.

सुभेदारसाहेबांच्या घरी लायसन्सची .३१५ आहे, आपल्या ईशापूरच्या कारखान्यातली. तिचा जन्मही मजेशीर आहे. बंडाच्या भीतीने इंग्रज सरकारने फौजी कॅलिबर रयतेच्या हाती पडू दिलं नाही. .३०३ बंद, म्हणून वेगळं, ऑस्ट्रियाचं जुनं ८ मिलिमीटरचं काडतूस नागरिकांसाठी वापरात आलं. आज खेड्यापाड्यांत शेतराखणीला दिसणारी .३१५ ती हीच. म्हणजे आपल्याकडे शिकारी कॅलिबर जनावराच्या आकारापेक्षा राज्यकर्त्याच्या भीतीवर जास्त ठरलं.

आपण फौजीही या प्रश्नातून सुटलेलो नाही. .३०३ वरून ७.६२ ची एसएलआर आली, मग हलक्या ५.५६ ची इन्सास, मग २०१९ मध्ये ७२,४०० सिग रायफलींच्या कराराने पुन्हा ७.६२. दर पिढीत मेसमध्ये तोच वाद: जड गोळी की जास्त गोळ्या? चौगढचा ओढा आठवला की मी त्या वादात गप्प बसतो. १९४४ साली कॉर्बेट लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यावर बर्माला जाणाऱ्या सैनिकांना छिंदवाड्याला जंगलाचं शिक्षण देत होते. रायफल सरकारने दिलेलीच होती. ते शिकवत होते पाहायला, ऐकायला आणि थांबायला.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. चंपावतची वाघीण पडल्यावर कॉर्बेटनी तिचा जबडा तपासला. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. ती जुनी गोळीची जखम होती. कोणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी बंदुकीने नेम साधायचा प्रयत्न केला होता. जनावर मेलं नाही. त्याला नेहमीची शिकार जमेनाशी झाली आणि ते माणसांकडे वळलं. त्या एका अर्धवट गोळीची किंमत ४३६ माणसं.

पिथौरागढ सोडताना मी सुभेदारसाहेबांना भेटायला गेलो. म्हटलं, "साहब, इन्सास नहीं देता. दो सौ पचहत्तर देता." ते हसले. मग .३१५ च्या दस्त्यावर हात ठेवून म्हणाले, "मेरे पास तो यही है साब. पर जब तक पक्का न हो, घोड़ा नहीं दबाता."

कॅलिबर कुठलं, याचं याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.