काडतुसाची कसोटी

भिवपुरीवरून जाणारी पुण्याची गाडी पुढें बोरघाट चढते. घाटांतील हा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. सहा वर्षांनीं, १८६९ मध्यें, घाटापलीकडे खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पुढें तेथें ३०३ बंदुकीचीं काडतुसें होऊं लागलीं.

ही बंदूक ब्रिटिश सैन्यानें १८८८ सालीं घेतली, तेव्हां काडतुसांत काळी दारू सुमारें ७० ग्रेन असे. लवकरच तिच्या जागीं कॉर्डाइट आलें, तें अवघें ३१ ग्रेन! गोळी मात्र अधिक वेगानें सुटूं लागली. अशा वेळीं जुना अंदाज कुचकामाचा. बंदूक घट्ट बसवावी, गोळी, टोपी व नळी तींच ठेवावी, आणि दारूचें वजन तेवढें किंचित् किंचित् बदलून प्रत्येक वजनाचे अनेक बार काढावे. पाहावयाचें तें निशाणाचा मध्य साधला कीं नाहीं हें नव्हे. गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या, हें. मध्य चुकला तर माशी सरकवितां येते. विखुरलेल्या गोळ्या तिनें आवरत नाहींत. एकाच अचूक बारानें हुरळणारे शिकारी आपण ऐकून आहोंच!

शिवाय कॉर्डाइट तापलें कीं नळींतील दाब वाढतो, आणि तो बेसुमार झाला तर नळीच फुटावयाची. विलायतेच्या थंडींत जमलेलें वजन दख्खनच्या वैशाखांत तसेंच वागेल, असें नाहीं.